काटेवाली गयाकाकू

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, आणि वेलांटी पहिली कुठे नि दुसरी कुठे हे मला चौथीतही कळत नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहिणं म्हणजे किराण्याची चिठ्ठी. तेव्हा चुका पुष्कळ निघतील. ज्याच्या हाती हे कागद पडतील त्याने त्या पोटात घालाव्या. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही खरं तर. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, आणि गयाकाकू काही डोक्यातून जात नाही. भाजी निवडायला बसले की ती येते आणि उंबऱ्याच्या कडेला बसते, तशीच, अर्धं अंग दाराबाहेर ठेवून.

लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा आमचं घर सक्करदऱ्याच्या बाजूला एका अरुंद गल्लीत होतं. समोरचं घर गयाकाकूचं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला खिडकीशी नेलं.

"ते घर पाय. तिथं जाऊ नको. काटे लावले तिनं घरात, म्हणून नवरा पळाला. पळाला तो पळाला, आपले पैसे घेऊन पळाला."

मी पाहिलं. समोरच्या छपरीत, जिथे बाकीच्या घरांत तुळस नि मोगरा असतो, तिथे नुसते काटे उभे होते. डालड्याच्या डब्यांत, फुटक्या माठांच्या बुडांत, जुन्या घमेल्यांत. फड्या निवडुंग, तीन धारांचा निवडुंग, घायपात, कोरफड आणि ज्यांची नावं मला आजही माहीत नाहीत असे गोल गोल गोळे, साळिंदराच्या पिलांसारखे. मधोमध एक सरळ, माणसाएवढ्या उंचीचा, निवडुंगाचाच खांब. त्यांच्यामध्ये एक उंच सुकी बाई बसून होती. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू.

जे आधी घडलं होतं ते मला सासूबाईंच्या तोंडूनच कळलं. काकूचे यजमान मारोतराव संत्र्याच्या आडतीत कामाला होते. संत्र्याच्या ट्रकांबरोबर ते पार राजस्थानापर्यंत जात. तिकडून येताना बायकोला बांगड्या आणायच्या सोडून पोत्यात गुंडाळून ही झाडं आणत. माणूस हसरा, सगळ्यांच्या कामाला धावणारा. म्हणून गल्लीने आपली भिशी त्यांच्या हाती दिली होती. दर महिन्याला घराघरातून पैसे त्यांच्याकडे जमायचे आणि पाळीपाळीने एकेका घराला मिळायचे. एका दिवाळीच्या आधी लोकांनी जास्त जमवले होते. कुणाला पोरीचं लग्न करायचं होतं, आम्हाला छप्पर बदलायचं होतं. मारोतराव सकाळी सायकल घेऊन निघाले. "कुहीले भावाकडं जाऊन येतो, संध्याकाळी येतो," असं बायकोला म्हणाले. कुहीला ते पोचलेच नाहीत. पैसेही घरात नव्हते.

गल्ली दारात जमली तेव्हा काकू बाहेर आली आणि म्हणाली, "ज्याचे जितके असतीन तितके सांगा. मी देईन." लोक सांगत गेले, ती मान हलवत गेली. कुणी चार जास्त सांगितले असतील तरी तिने मानच हलवली. तिने कुठे काही लिहून ठेवलं नाही. सगळं तोंडी.

मी आले तोवर तिचं फेडणं सुरू होऊन काही वर्षं झाली होती. दिवसा ती त्याच आडतीत संत्री निवडायला जायची, आणि उरलेल्या वेळात काट्यांत असायची. तेव्हा सिव्हिल लाइन्स, रामदासपेठेकडच्या बंगल्यांत अंगणात दगड रचून त्यात निवडुंग लावायची हौस निघाली होती. काकू टोपलीत कुंड्या घेऊन पायी जायची. विकलं गेलं तर महिन्याच्या सुरुवातीला पदराच्या गाठीत बांधून कुणाच्या तरी दारी. आमच्याही दारी. उंबऱ्यावर बसायची, गाठ सोडायची, पैसे ठेवायची. सासूबाई चहाचं कधी विचारत नसत.

"मारोतरावची काही चिठ्ठीबिठ्ठी?" सासूबाई मुद्दाम विचारायच्या.

"नाही."

"कशी येईन म्हणा. लिहाले हात पाहिजे, आन् हाताले काम लागलं असंल मोजायचं."

काकू पदर झटकायची आणि उठायची.

माझं तिच्याशी पहिलं बोलणं झालं ते एका पावसाळ्यात. गल्लीतल्या बायका पाऊस पडला की झाडं बाहेर ठेवत. काकू उलट सगळं आत घेत होती. एकटी, एकेक डबा, पळत. मला राहवलं नाही. सासूबाई झोपल्या होत्या. मी गेले आणि एक कुंडी उचलली. बोटांत बारीक काटे भरले, केसांसारखे, दिसतही नव्हते.

"हाय वं माय, त्याले कायले हात लावला?" ती म्हणाली. मला दारात बसवलं. मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि एकेक काटा टोकाने वर काढू लागली. तिची बोटं खरखरीत, सगळी टोचलेली, पण हात इतका हलका की मला कळत नव्हतं. मी आत पाहिलं. खाटेवर, तिच्या गादीवर, कुंड्या मांडल्या होत्या. चूल सोडून सगळीकडे कुंड्या.

"तुम्ही कुठं झोपता?" मी विचारलं.

"खाली. मले ओल चालते. या झाडायले नाही चालत." मग पुढचा काटा काढत, "उन्हानं हे मरत नाही पोरी. पाण्यानं मरते."

तेव्हापासून ती मला पोरी म्हणू लागली. मी चोरून जायची. तिला बोलायला फार लागत नसे आणि मलाही, म्हणून जमलं. मातीत कन्हानची रेती आणि विटांचा चुरा कसा घालायचा, डब्याला खाली भोकं किती मोठी पाडायची, कागदाची घडी करून झाडाला कमरेत कसं धरायचं, हे मी तिचं बघून शिकले. एकदा मी एक छोटा गोळा मागितला.

"एक पैसा दे."

"काकू, माझ्याकडून?"

"काटा फुकट देऊ नाही. भांडण होते. दे एक पैसा, आपलं जमते ते बिघडवतेस काहून?"

मी दिला. तिने तो कमरेला खोचला आणि खरोखर त्या महिन्याच्या देण्यात घातला.

नागपूरचा उन्हाळा लिहायची गरज नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ दिवस, लागला की कावळेही नळाखाली बसतात. तेव्हा काकू झाडांना गोणपाट पांघरायची. नागपूरचं ऊन निवडुंगालाही भाजतं, पिवळे डाग पडतात. तो उंच खांब ती नखशिखांत झाकायची, वर सुतळी बांधायची. पहिल्या वर्षी दुपारी मी खिडकी उघडली आणि किंचाळले. समोर छपरीत एक माणूस उभा होता. तोंड झाकून, हात अंगाशी घेऊन, घरात जावं की नको अशा विचारात उभा.

गल्लीतली पोरं त्याला मारोतराव म्हणायची. "मारोतराव आले वं, मारोतराव आले!" म्हणून ओरडत दारावरून पळायची. काकू बाहेर येत नसे, असं नाही. मी पाहिलंय. पोरं ओरडली की ती प्रत्येक वेळी बाहेर यायची. माहीत असून यायची.

मी एकदा भीत भीत म्हणाले, "काकू, तो झाकला की माणसासारखा दिसतो. मला भीती वाटते."

"मलेही दिसते," ती म्हणाली. आणि सुतळीची गाठ नीट केली.

एका वर्षी ऐन नवतप्यात तिला मुदतीचा ताप आला. तिला सरकारी दवाखान्यात ठेवलं. घर बंद, छपरीत झाडं धूळ खात. आमच्या सासूबाई रोज खिडकीतून बघायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला न सांगता त्यांनी कळशी उचलली. सकाळी एक, संध्याकाळी एक. गल्लीत नळाला धार नव्हती, आम्ही अंघोळीचं पाणी जपून वापरत होतो, आणि त्या निवडुंगांना पाणी घालत होत्या. त्यांना दया येते हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

काकू परत आली. काठी टेकत छपरीत बसली. एका गोळ्याला बुडाशी अंगठा लावला, तर अंगठा आत गेला. दुसऱ्याला, तेच. सासूबाई आमच्या दारात उभ्या.

"पाणी कोणं दिलं?"

"म्या," सासूबाई म्हणाल्या. "तहानले दिसत होते बापा. सकाळ-संध्याकाळ देत होती."

काकू त्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं आता भांडण. काकू हसली. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं. समोरचे दोन दात नव्हते.

"मायेनं मेले वं. जाऊ दे."

सासूबाई इतक्या ओशाळल्या की आत येऊन त्यांनी पोळपाट धुतला, धुतलेलाच पुन्हा धुतला.

मग काकूने सुरी घेतली आणि ज्यांची डोकी शाबूत होती ती कापून काढली. मी लगेच डबे भरून ठेवले, तर म्हणाली, "आता नाही. जखम सुकू दे आधी. ओली जखम मातीत गेली का सडली." ती डोकी सुपात ठेवली, सावलीत. आठवडे गेले. मुळं नाहीत, माती नाही, पाणी नाही, आणि ती हिरवी. मला ते बघून कसंतरी व्हायचं. सूप ओलांडून जाताना पदर सावरायचे.

"हे जिवंत आहे का काकू?"

"आहे."

"कशावरून?"

"मेलं असतं तर कळलं असतं. मेलेलं लपत नाही." मग झाडांवरची नजर न काढता ती म्हणाली, "आमच्या यायचं कुठं काही कळलं? सांग बरं."

नवऱ्याबद्दल ती आपणहून बोललेली तेवढीच. तिचं म्हणणं नंतर मला हळूहळू उलगडलं. मारोतराव कुठेतरी आहेत, आणि त्यांना यायचं आहे, पण गल्लीत कोणत्या तोंडाने येणार? तोंड तयार करायचं काम तिच्याकडे आलं होतं. शेवटचा पैसा फिटला की त्यांना लपायला कारण उरणार नाही. अधूनमधून कुणी येऊन सांगे, इटारसीच्या फलाटावर पाहिले, रायपूरला एका हॉटेलात पाहिले. काकू एकच विचारायची, "अंगात सदरा कसा होता?"

बारा वर्षं झाली तेव्हा कुहीहून तिचा दीर आला. वाईट माणूस नव्हता. धानाची शेती होती, भावजय एकटी राहते याचं त्याला लागायचं. आमच्याच छपरीत बसून बोलणं झालं, कारण काकूच्या घरी बसायला जागा नव्हती.

"वहिनी, बारा वर्सं झाली. आता पळसाच्या पानाचा पुतळा करू अन् अग्नी देऊ. रीत आहे. दादा गेला असंल तर भटकून राहिला असंल. सुटंल तरी. तुम्ही आमच्याकडं चला."

"अन् गेले नसतीन तर?"

दीर खाली पाहू लागला.

"जित्या माणसाले जाळू काय?" काकूचा आवाज चढला नाही. "देणं फिटू द्या. फिटलं आन् तरी नाही आले, तर मी समजीन. मग बांधा तुमचा पुतळा. मीच कुंकू पुसून येईन कुहीले."

"किती राहिलं देणं?"

"या एका घराचं," ती म्हणाली आणि आमच्या उंबऱ्याकडे बोट केलं. बाकीच्यांचं फिटलं होतं. आमचा वाटा मोठा, म्हणून मागे राहिला होता. तिच्या चालीने फार तर वर्षभराचं काम. दीर म्हणाला, "बरं. मग वर्सभरानं येतो."

तो गेला. काकू उठली नाही. मी आत चहा करत होते, तिथून मला तिची पाठ दिसत होती. तिने स्वतःच स्वतःला मुदत घालून घेतली होती, आणि ते तिला आत्ता कळत होतं.

पुढच्या महिन्यात ती आली. गाठ सोडायला तिला वेळ लागला. पैसे ठेवले. सासूबाईंनी मोजले, आणि म्हणाल्या, "हे व्याजात गेले."

मी दारामागे होते. माझा हात कडीवरच राहिला.

"व्याज?" काकू म्हणाली.

"मंग? इतकी वर्सं पैसे फुकट राहतीन काय कोणाचे?"

"होय काय. मंग राहिले किती?"

"तितकेच. होते तितकेच."

"बरं," काकू म्हणाली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. एक पैशांकडे बघत होती, एक रस्त्याकडे. काकू उठली तेव्हा तिचा चेहरा ती आली तेव्हापेक्षा सैल होता.

आमच्या घरात त्यावरून वादळ झालं. "आई, भिशीले व्याज कधीपासून लागलं?" आमचे हे चिडून म्हणाले.

"तू चूप बस. तुले समजत नाही."

गल्लीने तर सोडलंच नाही. बाया नळावर मला ऐकू जाईल असं बोलत. "म्हातारी सावकारीण झाली वं. सोबत नेणार आहे गाठोडं." सासूबाई पाण्याचा नंबर लावून उभ्या असत, ऐकत असत. ज्या बाईने आजवर कुणाचा एक शब्द ऐकून घेतला नव्हता, तिने हे सगळं ऐकून घेतलं. दर महिन्याला काकू यायची, दर महिन्याला सासूबाई मोजायच्या आणि म्हणायच्या, "व्याजात गेले." आणि दोन-चार दिवसांनी मला हाक मारायच्या, "सूनबाई, ज्वारीले कीड लागून राहिली, इतकी कोण खाणार? समोर देऊन ये. अन् तेलाचा डबाही ने." ज्वारीला कीड कधीच नव्हती. काकूही डबा घ्यायची आणि कीड कुठे आहे असं विचारायची नाही.

दीर वर्षभराने आला, परत गेला. त्याच्या पुढच्या वर्षी आला, पुन्हा परत गेला. आमच्या उंबऱ्यावर देणं तसंच होतं.

पुढचं आताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्यावर लिहावं लागणार नाही. काकू कुहीला गेली. तिथे पळसाच्या पानांचा पुतळा झाला, अग्नी दिला. ती सोबत फक्त काही छोटे गोळे घेऊन गेली होती. धानाच्या त्या ओल्या मुलखात ते टिकले नाहीत असं ऐकलं. पुढे तीही गेली. मारोतराव कधी आले नाहीत. मेले होते की कुठे जगत होते, आजही कुणाला माहीत नाही. समोरच्या घरात नंतर दुसरे लोक आले. त्यांनी छपरीला जाळी लावली. तरी ऐन उन्हात मी खिडकी उघडताना आधी थांबते.

सासूबाई एका थंडीत गेल्या. ताप, खोकला, आणि चार दिवसांत संपलं. सुतकात काकू आमच्याकडे आली नाही. मला वाईट वाटलं. आमच्या घरात त्यांच्यासाठी मनापासून रडणारी तीच असेल असं मला वाटलं होतं. तिच्या दारात मात्र विकत घेतलेली झाडं न्यायला रामदासपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी पाठवलेल्या हातगाड्या लागलेल्या दिसल्या. माणसं हाताला पोती गुंडाळून झाडं बाहेर काढत होती. फड्या गेले, घायपात गेला. उंच खांब दोघांनी आडवा धरून नेला. काकू मागे उभी राहून एवढंच सांगत होती, "पाणी नका देऊ. बाईले सांगा, पाणी नका देऊ."

तेरवीच्या दिवशी सकाळी ती आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात पंगतीची तयारी. उंबऱ्यावर बसली. मी बाहेर आले तर गाठ सोडत होती. गाठ मोठी होती.

"पोरी, तुझ्या सासूचे घे."

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "काकू, व्याज..."

"तुझी सासू खोटं बोलत होती वं." ती शांतपणे म्हणाली. "व्याज कशाचं? मले माहीत होतं. अन् मले माहीत आहे हे तिलेही माहीत होतं. जे व्याज म्हणून घेतलं ते तिनं ज्वारीत, तेलात परत केलं. म्हणून देणं आहे तितकंच आहे. घे."

"राहू द्या ना काकू," मी म्हणाले. "त्या गेल्या. आता कोण मागतं आहे? राहू द्या तसंच. नाहीतर काका..."

"तेच तर." तिने पदराने तोंड पुसलं. "आजची तेरवी आहे. माणूस मेलं अन् देणं राहिलं तर त्याचा जीव अडकते. आमच्या यायच्यापायी मी तिले अडकवून ठेवू काय? यायनं जाताना मले विचारलं नाही. तिनं माझ्यासाठी सगळ्या गल्लीचे बोल खाल्ले. तिले जाऊ द्यावं लागते."

मी हात पुढे केला नाही. तिने माझा हात धरून पैसे त्यात ठेवले.

"मोज."

"काकू, नको."

"मोज. मोजल्याबिगर फिटत नाही. मोठ्यानं मोज, सगळ्याले आयकू दे."

अंगणातली माणसं थांबून बघत होती. मी उभी राहून मोजू लागले. आवाज फुटेना, मग फुटला. काही नोटा संत्र्याच्या वासाच्या होत्या. मध्ये चुकले, तिने थांबवलं, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. शेवटची नाणी मी तिच्यासमोर उंबऱ्यावर एकेक मांडली. काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं.

काकू माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला ते शब्द म्हणायचे नव्हते, आणि ती मला सोडणार नव्हती.

"फिटले काकू," मी म्हणाले. "सगळे फिटले."